उजवीकडून उघडणारे पुस्तक

"बाई, या गोष्टीचा शेवट तुम्ही मला आधी वाचायला लावलात. आता याची भरपाई कोण करणार?"

पाणीपुरवठा खात्यातल्या मीटर तपासनिसाने पुस्तक टेबलावर ठेवले. ठेवले म्हणजे जवळजवळ आपटलेच. ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या बांधणीच्या खोलीत वाचक सहसा फिरकत नसत. त्यांना पुस्तके वरच्या कपाटांत, धडधाकट अवस्थेत भेटत; आजारी पुस्तकांचा हा विभाग त्यांच्या गावीही नसे. बाइंडरबाईंनी हातातला ब्रश खळीच्या वाडग्यावर आडवा ठेवला, बोटे फडक्याला पुसली आणि पुस्तक फिरवून पाहिले. शिलाई घट्ट होती. पाठ सरळ होती. पुठ्ठ्याच्या कडा काटकोनात होत्या.

"काय झालंय याला? एखादं पान सुटलं असेल तर दाखवा."

"पान कुठलं सुटतंय! दात लावून ओढलं तरी सुटणार नाही. पण बाई, हे जपानी आहे. चित्रांची गोष्ट. ही पुस्तकं उजवीकडून उघडतात. मजकूर आपल्या भाषेत आणला, चित्रं मात्र होती तशी ठेवली. तुम्ही मुखपृष्ठ चिकटवलंत शेवटच्या पानाच्या बाजूला. मी आपला भोळेपणाने उघडतो, तर काय, समोर दोघी म्हाताऱ्या!"

"म्हणजे," बाइंडरबाईंनी सावकाश विचारले, "त्या दोघी म्हाताऱ्या, तो शेवट आहे?"

"मग? म्हातारपणाने सुरुवात होते का कुणाची?"

बाइंडरबाई स्टुलावर बसल्या. चूक झाली याची लाज त्यांना वाटली, नाही असे नाही. हाताखालून एवढी पुस्तके गेली, पण पुस्तक उलटे बांधल्याची तक्रार आजवर कुणी केली नव्हती. तरीही त्या बसल्या त्या लाजेने नव्हे. आठवडाभर छातीवर ठेवलेले वजन कुणीतरी उचलावे, तसे त्यांना झाले होते.

घडले होते ते असे. 'नदीकाठचं धुलाईघर' नावाच्या या जाडजूड पुस्तकाच्या तिन्ही प्रती वर्षभरात खिळखिळ्या झाल्या होत्या. "काय करू बाई, ही पुस्तकं कपाटात टेकतच नाहीत," असे म्हणत ग्रंथपाल मॅडमनी निखळलेली मुखपृष्ठे आणि पानांचे गठ्ठे रबरबँड लावून खाली पाठवले. बाइंडरबाईंच्या हातांना एकच रीत ठाऊक होती. डिंकाची कड डाव्या हाताला, मुखपृष्ठ वर. त्या रीतीने त्यांनी तिन्ही प्रती शिवल्या, कापडी पाठ चढवली, शिकंज्यात दाबून वाळवल्या. मग एकही पान गहाळ नाही ना, हे पाहायला एक प्रत पहिल्यापासून चाळली. निदान त्यांच्या मते पहिल्यापासून.

पहिल्याच पानावर पांढऱ्या केसांच्या दोन बायका ओसरीवर बसल्या होत्या आणि एक जण चष्मा कपाळावर सारून दुसरीच्या पायाची नखे कापत होती. बाइंडरबाईंचा हात तिथेच थांबला. चित्रात विशेष काहीच नव्हते. आदल्या रविवारी सकाळी त्यांनी स्वतः हेच काम केले होते, आणि ते कुणी चित्र काढण्याजोगे असेल, असे त्यांच्या मनातही आले नव्हते. त्या पुढे वाचत गेल्या. माणसे आधी उत्तर देत आणि मग प्रश्न विचारत, ही जपानी तऱ्हा असेल, असे धरून चालल्या. पान उलटावे तसे दोघींचे केस काळे होत गेले. घरातल्या वस्तू कमी झाल्या. फळीवरच्या दोन पेल्यांचा एक झाला. दोघी एकमेकींना अहो-जाहो करू लागल्या. आणि सरतेशेवटी एक जण तुटक्या गुंडीचा कोट हातात घेऊन धुलाईघराच्या काचेच्या दाराबाहेर उभी होती, आणि आतली दुसरी मान वर करून पाहतसुद्धा नव्हती.

इतक्या जवळच्या दोघी, आणि अशा परक्या व्हाव्यात! बाइंडरबाईंनी पुस्तक मिटले होते आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेले नव्हते.

कारण येत्या रविवारी, त्यांच्यासोबत राहणाऱ्या सिस्टरचा भाऊ तिला न्यायला यायचा होता.

"बसलात काय अशा?" तपासनीस जरा नरमला. "मी काही तुमची तक्रार वर नेणार नाही. दोन महिने नंबर लावून बसलो होतो, म्हणून जीव तळमळला, इतकंच. वरच्या त्या जपानी गोष्टींच्या कपाटातली बाकीची सगळी झाली माझी वाचून."

"सगळी?" बाइंडरबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. पन्नाशी उलटलेला, बुटांना चिखल, खिशाला दोन पेनं. "ही तर कॉलेजच्या पोरी नेतात म्हणे."

"त्यांनीच लावलं मला हे व्यसन." त्याने न विचारता दुसरे स्टूल ओढले. "माझा मुलगा दुसऱ्या शहरात असतो. एका मुलासोबत राहतो. सोबत म्हणजे, संसारच आहे त्यांचा. सांगितलं त्याने एकदा सरळ. मी म्हटलं, बरं. आता बरं म्हणून झालं, पण पुढे बोलायचं काय? फोन आला की मी विचारणार, हवा कशी आहे. तो म्हणणार, ठीक आहे. त्या शहराची हवा मला तोंडपाठ झाली, पण मुलाचं काही कळेना. मग इथे येऊन मॅडमना म्हटलं, अशा माणसांवरचं एखादं पुस्तक द्या. त्यांनी एक ठोकळा दिला, तळटिपांसकट. झोप फार छान लागली."

बाइंडरबाईंना हसू आले.

"हसताय काय? मग त्या पोरींनी या कपाटाकडे बोट दाखवलं. यात कसं आहे बघा, कुणी भाषण ठोकत नाही. कुणी कुणाची कीव करत नाही. एरवी गोष्टीत अशी माणसं आली की तिसऱ्या प्रकरणात मरतात तरी, नाहीतर रडत गाव सोडतात. इथे दोघं भांडतात कशावरून, तर ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून! अहो, माझं आणि बायकोचं उभं आयुष्य त्याच टॉवेलवर गेलं. मी लगेच मुलाला फोन लावला. म्हटलं, तुमच्यात ओला टॉवेल गादीवर कोण टाकतं रे? हा हसला. आणि मागून तो दुसराही हसला. तेव्हापासून आमच्यात हवेचा विषय बंद आहे."

तो उठला. दारातून वळून म्हणाला, "तुम्ही पण वाचत जा. नुसती बांधता काय?"

"वाचलं मी," बाइंडरबाई म्हणाल्या. "उलटं वाचलं."

बाइंडरबाई आणि सिस्टर एकाच घरात कधीपासून राहतात, हे इमारतीत कुणाला नक्की सांगता आले नसते. सिस्टर म्हणजे सरकारी इस्पितळातली निवृत्त परिचारिका. नोकरी सुटली तरी नाव सुटले नव्हते. पोस्टमनही तिला सिस्टर म्हणे आणि जिन्यावरच आपला रक्तदाब विचारून घेई. लोक म्हणत, दोघी मैत्रिणी आहेत, एकमेकींना सोबत आहे. ते खोटे नव्हते, म्हणून दोघींनी कधी खोडून काढले नाही. आणि खोडून काढायचे नसल्यामुळे त्याऐवजी काय म्हणायचे, याचा विचार करण्याची वेळही कधी आली नव्हती.

आता ती आली होती. सिस्टरचे गुडघे गेल्या हिवाळ्यापासून कुरकुरत होते आणि घर तिसऱ्या मजल्यावर. धाकट्या भावाने नवे घर बांधताना बहिणीसाठी तळमजल्यावर एक खोली काढली. 'एकटी किती दिवस राहणार? रविवारी टेम्पो घेऊन येतो,' असे त्याने फोनवर सांगितले. सिस्टर म्हणाली, "बघू." इस्पितळात तिच्या 'बघू'ने मोठमोठे डॉक्टर थंड पडत, घरात मात्र त्या शब्दाचा अर्थ लावायची बाइंडरबाईंना भीती वाटत होती. जाऊ नकोस, असे म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. पाठचा भाऊ, आपुलकीने बोलावतो आहे, तिथे जिना नाही. आपण कोणत्या हक्काने अडवायचे? आणि सिस्टर तरी नाही का म्हणत नाही?

त्या संध्याकाळी बाइंडरबाईंनी दोन प्रती घरी आणल्या. मुखपृष्ठ फाटू न देता सोडवायचे तर वाफ धरावी लागते, आणि किटली घरी होती.

"हे काय, आता घरात पण दवाखाना?" सिस्टरने विचारले. चूक ऐकली तशी ती टेबलाला धरून हसली. "खळबाई, तुम्ही पुस्तकाचे पाय डोक्याला शिवलेत! माझ्या वॉर्डात असतीस तर रांगेने पेशंट घरी पाठवले असतेस."

"हस. पुरतं हसून घे. आणि जरा मोठ्याने वाच. कुठली बाजू पहिली, ते मला पानागणिक कळू दे."

सिस्टरने चष्मा लावला आणि दुसरी प्रत उजवीकडून उघडली. "बघ, आधी उजवीकडचा चौकोन, मग डावीकडचा. तुझं डोकं उलटंच चालतं, तुला सोपं जायला हवं."

किटली फुरफुरू लागली. सिस्टर दोन्ही बायकांचे आवाज काढून वाचत होती. धुलाईवालीचा घोगरा, होडीवालीचा ऐटबाज. काचेच्या दारातून होडी चालवणारी ती, तेव्हा अजून अनोळखी, तुटक्या गुंडीचा कोट घेऊन आत आली. म्हणजे ती निघून गेली नव्हती. आत येत होती. बाइंडरबाई वाफेवर पुठ्ठा धरून ऐकत राहिल्या. आठवडाभरापूर्वी त्यांनी हीच चित्रे पाहिली होती, पण आता फळीवरच्या एका पेल्याचे दोन झाले. अहो-जाहो गळून पडले. मग एक पान आले, तिथे तिन्ही प्रतींचा कोपरा दुमडून दुमडून मऊ झालेला होता. बांधताना बाइंडरबाईंनी तो सरळ केला होता आणि त्यांना नवल वाटले होते, कारण त्या पानावर काहीच घडत नव्हते. दोघी झोपल्या होत्या आणि आखूड पांघरुणातून चार पावले बाहेर आली होती. एवढेच. कोणकोणत्या घरांतल्या कोणकोणत्या माणसांनी या पानाशी थांबून खूण केली असेल, हे त्यांना आता, वाफेने ओलसर झालेल्या बोटांनी, उमगले.

"पुढे वाच," त्या म्हणाल्या.

पुढे होडीवालीला लांबच्या मोठ्या बंदरावर नोकरी लागते. ती सामान बांधते. धुलाईवाली तिचे सदरे इस्त्री करत बसते. एक सदरा, दुसरा सदरा; पाने उलटत जातात आणि कुणी बोलत नाही.

"अगं बावळट आहे का ही?" सिस्टर एकदम तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली. "इस्त्री काय करत सुटलीस? तोंडाने बोल की."

"काय बोलायचं पण?"

"मला काय ठाऊक! मी नुसती वाचतेय."

"ती थांबली असती का, हिने म्हटलं असतं तर?"

"ते हिने म्हटल्यावर कळेल ना." सिस्टरने पान उलटले नाही. "आणि नाही म्हटलं, तर त्या दुसरीने काय समजायचं? ओझं झालं होतं आपलं, असंच ना?"

बाइंडरबाई उठल्या आणि त्यांनी किटलीत पाणी ओतले. किटली भरलेलीच होती. पाणी ओट्यावर सांडले, आणि ते पुसण्यात बराच वेळ गेला.

रविवारी भाऊ आला तो जिना चढून घामाघूम. साठी गाठलेल्या, टक्कल पडलेल्या, झुबकेदार मिशांच्या या गृहस्थाला सिस्टर अजून 'बाळ' म्हणे.

"ताई, एक पायरी नाही बघ घरात. न्हाणीघरात धरायला दांडी बसवलीय. मी स्वतः लोंबकळून बघितलं."

"तुझं वजन पेललं ना? मग हत्तीलाही भीती नाही."

"चेष्टा नको. आवरायला घेऊ का? टेम्पो खाली उभा आहे, दिवसभराचा सांगितलाय."

"चहा तर घे. बघू."

"अगं बघू काय? आणि बाईंची काळजी करू नकोस. नोकरीवाल्या मुली खोली शोधतच असतात. बाईंना सोबत मिळेल. काय बाई?"

"साखर हवी का अजून?" बाइंडरबाईंनी विचारले.

भावाने दोन घोट घेतले आणि बाह्या सरसावल्या. "निदान सामान किती आहे, ते तरी बघतो." घरात दोन खोल्या होत्या, आणि दाराजवळची सिस्टरची, हे साऱ्यांना ठाऊक होते, फक्त तिच्यात आजवर कुणी डोकावले नव्हते. भावाने दार लोटले. आत भिंतीलगत एक लोखंडी खाट होती. तिच्यावर गादी नव्हती. फळ्या टाकलेल्या होत्या, फळ्यांवर बांधणीला आणलेली पुस्तके, त्यांच्यावर वजनासाठी विटा, आणि विटांवर चांगली बोटभर धूळ. उशी नाही, पांघरूण नाही, की उशाशी पाण्याचा तांब्या नाही.

तो बाहेर आला आणि उंबऱ्यात उभा राहिला.

"ताई," त्याने विचारले, आणि विचारण्यात कसलाही आडपडदा नव्हता, "तू झोपतेस कुठे?"

सिस्टरने कप बशीत ठेवला. उत्तर तिच्याकडे होते. ती ते देत नव्हती. तिने फक्त मान वळवली आणि बाइंडरबाईंकडे पाहिले. आणि त्या पाहण्यात बाइंडरबाईंना कळले की ही आठवडाभर थांबून आहे, कदाचित त्याच्याही कितीतरी आधीपासून.

"आत," बाइंडरबाई म्हणाल्या. "माझ्या खोलीत. पहिल्यापासून."

त्यांचे हात साडीच्या काठावर खळ लावावी तसे एकसारखे फिरत होते, पण आवाज ठाम निघाला.

"तिला नेऊ नका. गुडघ्यांचं मी बघते. जिना झेपत नसेल तर आम्ही खालचं घर बघू, कुठेही जाऊ. पण ती गेली तर माझं घर मोडेल."

भाऊ खुर्चीत बसला. त्याने निवलेला चहा उचलून संपवला.

"आईला ठाऊक होतं?"

"आईनेच दिली ती खाट," सिस्टर म्हणाली. "म्हणाली, घरात एक जास्तीची असू दे. कुणी विचारलंच तर दाखवायला."

"आईला सांगितलंस. मला नाही."

"आईने विचारलं होतं रे, बाळ."

त्याने मिशी चाचपली. मग म्हणाला, "मला वाटायचं, एखाद्या रात्री ताईला काही झालं तर कळेल तरी का कुणाला? म्हणून ती खोली बांधली." त्याने बाइंडरबाईंकडे पाहिले, प्रथमच, पूर्ण. "तुम्ही जाग्या असता का हो, हिला बरं नसलं की?"

"घोरत असते," सिस्टर म्हणाली. "पण नुसतं 'अगं' म्हटलं की उठते." आणि मग बाइंडरबाईंकडे वळून, डोळे पुसत, "आणि तू गं! जन्मभर लोकांची पुस्तकं चिकटवलीस, ती तोंडाला पण खळ लावून? एवढा वेळ?"

तिघेही हसले, भाऊ जरा उशिराने, पण हसला.

निघताना तो पुन्हा दाराजवळच्या खोलीपाशी रेंगाळला. "टेम्पो रिकामा कशाला पाठवायचा? ही खाट नेऊ का? आईची आहे. आणि तुम्हाला ती..." त्याने वाक्य सोडून दिले. "त्या खालच्या खोलीत टाकतो. तुम्ही दोघी याल तेव्हा लागेल." जरा विचार करून, व्यवहारी माणसाच्या आवाजात त्याने पुस्ती जोडली, "वेल्डरकडून थोडी रुंद करून घेतो."

बाइंडरबाईंनी विटा उतरवल्या, पुस्तके एकेक करून टेबलावर हलवली. खाटेचे एक टोक भावाने धरले, दुसरे त्यांनी. सिस्टर जिन्याच्या कठड्याला धरून वरून हुकूम सोडत होती, "कोपरा सांभाळ! बाळ, भिंतीचा रंग जाईल!" तळाशी टेम्पोवाल्याने खाट वर घेतली आणि दोरीने करकचून बांधली. भाऊ पुढे चालकाशेजारी बसला, आणि टेम्पो गल्लीच्या वळणाकडे निघाला.

बाइंडरबाई धापा टाकत वर आल्या, तेव्हा सिस्टर खिडकीत उभी होती. समोरच्या गच्चीवर शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिने टेम्पोमागे पाहिले, मग इकडे पाहिले.

"काय हो सिस्टर, खाट कुठे निघाली?"

"भावाकडे दिली," सिस्टर मोठ्याने म्हणाली. "आम्हाला लागत नव्हती."

"बरं केलंत. नुसती जागा अडते," शेजारीण म्हणाली, आणि तोंडातला चिमटा काढून तिने पुढचा सदरा दोरीवर टाकला.